फोटोसारखं नको, हाताला आठवतंय तसं काढ

या वेळचं पत्र निफाडकडच्या एका मुलीचं आहे. मोठं होतं, थोडक्यात देतो.

"काका नमस्कार. माझं वय 27, नाशकात जनावरांच्या एका दवाखान्यात असिस्टंट आहे आणि चार वर्षं झाली, बिबट्या, कोल्हा, घुबड असं काही सापडलं की वन विभागाच्या लोकांसोबत रेस्क्यूला मदत करते. चित्रं लहानपणापासून काढते. आता बिबट्याची काढते, मोबाइलमधल्या फोटोंवरून. सगळे म्हणतात अगदी फोटोसारखं, पण मलाच ती चित्रं मेल्यासारखी वाटतात. मागच्या पावसाळ्यात हायवेवर गाडीनं उडवलेली एक मादी आली होती, तीन रात्री मी तिच्याजवळ होते, चौथ्या दिवशी गेली ती. तिचं चित्र काढायचंय पण कागद समोर घेतला की हातच चालत नाही. आणि काढलं आणि विकलं तर ते बरोबर आहे का? आई म्हणते गणपती काढ, विकले तरी जातील. नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकला शिकू का?"

पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दोन दिवस ठेवून दिलं, कारण घाईत काहीतरी लिहून मोकळं व्हायचं नव्हतं. मी तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, त्यातली अकरा इगतपुरी-घोटी पट्ट्यात काढली, आणि चित्रं तेव्हापासूनच काढतोय, म्हणून तू जे म्हणतेयस ते मला नुसतं कळत नाही तर आठवतंय.

नोकरीला असतानाच मी एका डांगी जातीच्या बैलाचं मोठं चित्र केलं होतं. फोटो छान मिळालेला, दुपारचं ऊन, काळे-पांढरे पट्टे, शिंगं, वशिंड, सगळं जसंच्या तसं उतरवलं, महिनाभर खपत होतो त्यावर. ज्याचा बैल त्यालाच दाखवायला नेलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "चित्र झ्याक आहे भाऊ, पण बैल उभा नाही, टांगलाय." मला राग आला तेव्हा. मग त्यानं मला गोठ्यात नेलं आणि खाली बसवून खूर दाखवले. बैलाचा भार पडला की खुराच्या दोन नख्या जराशा फाकतात, चिखलात तर जास्तच, आणि जनावराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. माझ्या चित्रात चारही खुरं अशी मिटलेली होती जशी पाय उचलल्यावर असतात. फोटोत खुरं गवतात लपलेली, म्हणून मी ती अंदाजानं काढली. आता बघ, त्या बैलाची खुरं मी स्वतःच्या मांडीवर घेऊन साफ केलेली होती! माझ्या हाताला सगळं माहीत होतं, पण चित्र काढताना मी हाताला विचारलंच नाही, फोटोला विचारलं.

तुझंही हेच होतंय असं मला वाटतं, आणि तुझ्या बाबतीत एक गोष्ट आणखी आहे जी तुला कुणी सांगितली नसेल. तुझ्या मोबाइलमधले बिबटे कुठले आहेत? एक तर पिंजऱ्यातले नाहीतर भूल दिलेले. बरोबर ना? भुलीच्या औषधानं स्नायू सैल पडतात, जबडा लोंबतो, मान जमिनीला टेकते, आणि केटामिन दिलेलं जनावर डोळे मिटत नाही, बाहुल्या मोठ्या होऊन ते तसंच उघड्या डोळ्यांनी पडून राहतं, म्हणून तर तुम्ही डोळ्यात मलम घालून वर टॉवेल टाकता. म्हणजे उघडा डोळा दिसतोय पण त्यात बघणं नाहीये. पिंजऱ्यातला असेल तर दबून बसलेला, कान मागे, कपाळ गजांवर आपटून सोललेलं. तू असल्या फोटोवरून केसन् केस रंगवणार आणि चित्र मेल्यासारखं दिसतंय म्हणणार, तर ते दिसणारच, कारण तू फार प्रामाणिकपणे एक बेशुद्ध जनावर काढलंयस. तुझ्या हातात काही कमी नाही. त्यात मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, कान बारके येतात, डोक्याचा आकार बिघडतो, आणि आपण तो बिघाडही इमानेइतबारे कॉपी करतो.

मग करायचं काय? फोटो फेकून दे असं मी म्हणणार नाही, कुठला ठिपका कुठे आहे हे बघायला फोटोच लागतो, प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात आणि त्यावरून एकेक जनावर ओळखतात हे तुला मी काय सांगू. पण फोटो शेवटी उघडायचा. आधी वही.

रेस्क्यूवरून घरी आलीस की, कितीही उशीर झालेला असू दे, हातपाय धुऊन दहा मिनिटं बस आणि फोन न उघडता काढ. बिबट्या नको काढू. हाताला काय काय लागलं ते काढ. पंजा उचलून बाजूला केलास तेव्हा किती जड होता, पुढचा पंजा मागच्यापेक्षा किती रुंद होता, गादी खरखरीत होती की मऊ, नखं आत ओढलेली असताना बोटाला कुठे टोचली. कानामागचे केस कसे होते, तिथे काळ्यावर जो फिकट ठिपका असतो तो केवढा होता. श्वास मोजताना बरगड्या हाताखाली कशा वरखाली होत होत्या. रेघ वाकडी आली तर येऊ दे, बाजूला शब्दात लिही, 'इथे गरम', 'इथे हाड लगेच लागतं', 'इथे कातडी सैल, मुठीत येते'. ही वही कुणाला दाखवायची नाही. चांगली दिसणार नाही ती, पण तुझं सगळं भांडवल त्यातच असणार आहे.

हे मी कुठून शिकलो सांगतो. गाय अडली की रात्री-बेरात्री बोलावणं यायचं, लाइट नाही, कुणीतरी बॅटरी धरलेली, आणि हात खांद्यापर्यंत आत. दिसत काहीच नाही. वासराचा पाय हाताला लागला तर तो पुढचा की मागचा हे कसं ओळखायचं? खुराच्या वरचा सांधा आणि त्याच्या वरचा सांधा एकाच दिशेला वाकत असतील तर पुढचा पाय, उलट दिशांना वाकत असतील तर मागचा. चुकलं तर वासरू जातं आणि कधी कधी गायही. हे ज्ञान माझ्या बोटात इतकं बसलंय की आज मी डोळे मिटून जनावराचा पाय काढला तरी सांधा चुकत नाही. आणि डांगी जनावराच्या अंगावरून हात फिरवला की हात तेलकट होतो, त्यांच्या कातडीला तेल सुटतं म्हणून तर ती इगतपुरीच्या धो धो पावसात तग धरतात. फोटोत फक्त काळा रंग चमकताना दिसतो. तो का चमकतोय ते माहीत असेल तर तू पावसातला डांगी बैल काळ्या रंगानं रंगवणारच नाहीस, आभाळाचा करडा निळा त्याच्या पाठीवर पसरशील आणि काळा फक्त पोटाखाली ठेवशील.

बिबट्याचंही तसंच. ठिपके आधी काढू नकोस. हे मी फार बघतो, नवीन मुलं पिवळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मारतात आणि त्यावर टिकल्या चिकटवल्यासारखे ठिपके. आधी अंग उभं कर, उजेड कुठून आहे ते ठरव, खांद्याचं हाड, पाठीचा खोलगट भाग, पोटाची सैल झोळी, हे सगळं फक्त दोन रंगात कर, यलो ऑकर आणि थोडा बर्न्ट सिएना, सावलीला इंडिगो मिसळून. ते अंग ठिपक्यांशिवाय बिबट्याचं वाटलं पाहिजे. मग ठिपके, आणि ते अंगाबरोबर वळले पाहिजेत, कुशीवर पूर्ण फुलासारखे, पोटाकडे वळताना दबलेले, पायांवर आणि डोक्यावर नुसते भरीव. काळा ट्यूबमधला वापरू नको, सेपियात इंडिगो घाल, ठिपका कातडीत बसतो. आणि घरात किंवा गल्लीत मांजर असेल तर तिला रोज काढ. दबकत चालताना मांजराचे खांदे पाठीच्या वर येतात ना, ते तसे येतात कारण त्यांचं गळ्याचं हाड आपल्यासारखं खांद्याला घट्ट जोडलेलं नसतं, बिबट्याचंही तेच. जागा असलेलं, चालणारं, बघणारं जनावर तुला रेस्क्यूत मिळणार नाही, ते मांजरीकडून घ्यायचं. हिवाळ्यात रविवारी पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जात जा, तुझ्या तालुक्यातच आहे, चापडगावच्या मनोऱ्यावर वही घेऊन बस. तिथल्या पक्ष्यांना हात लावता येत नाही आणि एक पक्षी दहा सेकंदसुद्धा स्थिर राहत नाही, हात मोकळा व्हायला यासारखी जागा नाही.

'फोटोसारखं' या कौतुकाबद्दल पण एक सांगतो, कारण ते तुला आतून खातंय. 1515 साली गुजरातच्या सुलतानाकडून आलेला एक गेंडा गोव्याहून जहाजानं पोर्तुगालला गेला. ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकारानं त्याचं चित्र केलं, गेंडा न बघता, कुणाच्या पत्रावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून. काय बारकावे आहेत त्यात! पण अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. युरोपात कित्येक वर्षं लोक तोच खरा गेंडा समजत होते. आणि आपल्याकडे जहांगीरच्या दरबारात उस्ताद मन्सूर हा चित्रकार होता, त्याच्यासमोर प्राणी-पक्षी प्रत्यक्ष असायचे. 1621 मध्ये दरबारात झेब्रा आला तेव्हा काही लोकांना वाटलं की पट्टे रंगवलेत, जहांगीरनं स्वतः लिहून ठेवलंय की नीट तपास केल्यावर कळलं ते देवानंच केलेत. मन्सूरनं काढलेला तो झेब्रा आजही लंडनच्या म्युझियममध्ये आहे. मला तो झेब्रा यासाठी आवडतो की जनावर तिथे उभं आहे हे कळतं, त्याला बांधलंय, त्याला ते आवडलेलं नाही हेही कळतं.

आणि आपल्याच जिल्ह्यात बघ ना. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे वाघदेव बघितलेस का कधी? लाकडाच्या नाहीतर दगडाच्या फळीवर वाघ, वर चंद्र-सूर्य, कधी नाग, शेंदूर लावलेला. वाघबारशीला गुराखी पोरं तिथे जमून पूजा करतात. त्यातला वाघ फोटोसारखा अजिबात नसतो, पाय काठीसारखे, शेपूट पाठीवरून पार डोक्यापर्यंत वळलेली. पण ज्यांची गुरं वाघानं नेली आणि ज्यांना रोज त्याच रानात जायचंय त्यांनी काढलेला वाघ आहे तो, आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की मला नेहमीच थोडं गप्प व्हायला होतं. तुझ्याकडे त्या लोकांसारखं काहीतरी आहे. कॅमेरावाल्यांकडे ते नाही.

तुझे विषय पण तूच बघितलेत. ऊसतोडीत पिल्लं सापडतात, मळकट राखाडी रंगाची, ठिपके इतके दाट की धुराचा गोळाच वाटावा, मग तुम्ही ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवता आणि अंधारात लांब थांबता, आणि आई येऊन एकेक उचलून नेते. विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी दोरांना बांधून सोडलेली बाज, आणि वरून वाकून बघणारं अख्खं गाव. त्या बाजेच्या सुंभाला लागलेले ओले पंजे तू जवळून बघितले असशील. चित्रात बिबट्या अर्धा दिसला तरी चालेल, नाही दिसला तरी चालेल.

नोकरीचं विचारलंस. सोडू नको. हे मी पगारासाठी म्हणत नाही, पगार आहेच महत्त्वाचा, पण तुझी नोकरी हेच तुझं शिक्षण आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टब्स म्हणून घोड्यांचा चित्रकार होऊन गेला, त्यानं अठरा महिने एका खेड्यात राहून मेलेल्या घोड्यांचा एकेक थर सोलून रेखाटनं केली, 1766 मध्ये ती छापली. फ्रान्सची रोझा बोन्हर घोड्यांच्या बाजारात दीड वर्ष आठवड्यातून दोनदा जाऊन स्केच करायची, तिथे पुरुषांच्या गर्दीत कुणी त्रास देऊ नये म्हणून पॅन्ट घालायची, आणि त्या काळी बाईला त्यासाठी पोलिसांची परवानगी काढावी लागायची. या लोकांना जनावरापर्यंत पोचायला एवढी यातायात करावी लागली आणि तू रोज सकाळी दहा वाजता तिथे जाऊन हजेरी लावतेस. चित्रकलेचा क्लास लाव, संध्याकाळचा, माणसाचं फिगर ड्रॉइंग शिक, रंगाचं शिक, ते लागतंच. पण दवाखाना सोडून नको.

आईला पण उलट बोलू नको. गणपती काढलास तर बिघडत नाही, सोंडेचं वळण बरोबर यायला हत्ती बघावा लागतो, पांडवलेणीत जा, खांबांच्या डोक्यावर हत्ती-बैल कोरलेत, ते काढ. आणि विकायचंच असेल तर दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्या-मांजरांची चित्रं कर, मालक आनंदानं पैसे देतात, आणि जो कुत्रा तू टेबलावर धरलायस त्याचं चित्र तुझ्याइतकं चांगलं कोण काढणार.

एक ब्रशचं सांगायचं राहिलं आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तुझ्याकडे जुने बारीक केसांचे ब्रश असतील तर उजेडात धरून बघ. केस टोकाला गडद तपकिरी, मध्ये फिकट पट्टा, बुडाला परत तपकिरी असेल तर तो मुंगसाच्या केसांचा असू शकतो. मुंगूस वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांचे ब्रश बनवणं-विकणं गुन्हा आहे, तरी ते कुठे कुठे लपूनछपून मिळतात. एका ब्रशसाठी मुंगूस मारतात, आणि तू तर मुंगसाला सलाइन लावलेली मुलगी आहेस. सिंथेटिक घे, आता चांगले येतात, शून्य नंबरपासून सगळे. आणि रेस्क्यूतले फोटो, जागेचं नाव, पिंजरा कुठे लावलाय वगैरे चित्राच्या निमित्तानंसुद्धा ऑनलाइन टाकू नको, विभागाची परवानगी असल्याशिवाय नाहीच.

आता ती मादी.

विकणं बरोबर आहे का, याचं उत्तर मी आधी देणार नाही कारण चित्र अजून झालेलंच नाहीये, आणि मला वाटतं तुझा हात याच प्रश्नानं अडकलाय. पहिलं चित्र विकायचं नाही एवढं आत्ताच ठरवून टाक, म्हणजे तो विषय संपला. नंतर दुसरं, तिसरं होईल, त्यातलं एखादं विकावंसं वाटलं तर वीक, त्यात पाप नाही, फक्त खाली तिच्या मरणाची गोष्ट लिहून किंमत वाढवू नको. पैशातले थोडे सलाइन-औषधाला गेले तर तुलाच बरं वाटेल.

आणि हात चालत नाही कारण तू तिचा चेहरा काढायला बसतेस. माझी एक म्हैस होती, म्हणजे माझी नाही, एका म्हातारीची, सहा दिवस मी तिथे जात होतो आणि वाचली नाही. मला तिचं तोंड कधीच काढता आलं नाही. दोन वर्षांनी मी फक्त दावं काढलं, खुंट्याला गुंडाळलेलं, रिकामं, आणि मग त्या म्हातारीचा हात, आणि मग एके दिवशी म्हशीची पाठ आली आपोआप.

तू पत्रात लिहिलंयस की तिन्ही रात्री तिच्या डोळ्यांवरचा निळ्या चौकड्यांचा टॉवेल तूच ओला करून बदलत होतीस, आणि तो अजून तुझ्या कपाटात आहे, धुवून घडी करून ठेवलेला. तो बाहेर काढ, समोर ठेव, घडी मोड, जसा तिच्या डोक्यावर पडायचा तसा एखाद्या उशीवर टाक, आणि आधी तोच काढ. कापड कुठे फुगतंय, कानाजवळ कुठे उचललं जायचं, नाकाशी कुठे ओलं व्हायचं, ते तुझ्या हाताला आठवेल. चेहरा खालीच राहू दे.

ते झालं की वही घेऊन ये, मी रविवारी सकाळी घरीच असतो.